फ्रेमवाल्याच्या भिंतीवरचा जपानी नट

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटोंना फ्रेमा करणारा एक जण बसतो. ओठांत बारीक खिळे धरूनच तो बोलतो. त्यामुळे त्याचं वाक्य दोन-तीन शब्दांत संपतं, आणि त्यातला एक शब्द बहुतेक 'उद्या' असतो.

भाचीनं मला जपानहून एक चित्र आणलं, लाकडी ठशानं छापलेलं, तिथल्या एका जुन्या नटाचं. डोळे तिरळे, तोंड वाकडं, बोटं फाकलेली. नाटकातला रागाचा ऐन क्षण. हौशी नाटकांत जन्म घालवलेला मी, ते घेऊन धावतच फ्रेमवाल्याकडं गेलो.

त्यानं चित्र पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "कवा वारले?"

"झाली असतील दोनशे वर्षं."

"मग घाई न्हाई."

फ्रेम झाली, पण चित्र त्याच्याच भिंतीवर चढलं. का, ते तिथं बसल्यावर कळलं. गिऱ्हाईक तावातावानं आत येई, समोरचा तो चेहरा बघे आणि "उद्या येतो" म्हणून आपणच निघून जाई.

परवा माझं डोकं फिरलं. डोळे वटारून, बोटं फाकून मी ओरडलो, "माझं चित्र काढ खाली!"

त्यानं तोंडातले सगळे खिळे तळहातावर काढले. आधी चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आवं सर, तुमची समदी नाटकं बघितली. राग कवा खरा वाटला न्हाई. आज लय खरा वाटला!"

तरंगतच घरी आलो आणि सगळा प्रवेश बायकोला करून दाखवला.

ती म्हणाली, "आणि चित्र?"