बॅगेत आणलेलं लाटणं

कराडचं घर सोडलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नवरा आणि दीर दिलीप दुकानात होते, सासूबाई झोपल्या होत्या. एका हाताला सहा वर्षांची मुक्ता, दुसऱ्या हातात बॅग आणि बॅगेत सर्टिफिकिटांच्या फाइलवर आडवं ठेवलेलं लाटणं. शिसवीचं, जड. त्या घरात पोळी फुगली नाही की ते ओट्यावरून उचललं जाई. माझं डावं मनगट त्यानंच मोडलं होतं.

ते मी आठवण म्हणून आणलं नाही. धाकटी जाऊ वंदना, दिलीपची बायको, मागे राहत होती. मारायची वस्तूच घरातून गेली तर तिला मार बसणार नाही, असं मला वाटलं. डिप्लोमा झालेली बाई मी, आणि एवढीच अक्कल चालली.

वंदना दाराशी म्हणाली, "जा ताई. मी सांगेन, माझा डोळा लागला होता."

झाशीच्या एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग विभागात मला नोकरी लागली होती. नेमणुकीचं पत्र महिनाभर तांदळाच्या डब्यात दडवलं होतं. पुण्याच्या स्टेशनवरून आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, संसारात भांड्याला भांडं लागायचंच." मी फोन ठेवला आणि गाडीत बसले.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. झाशीतल्या नगरा वस्तीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. मुक्ताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीत देते. मीही ऑफिसमधून "अभी निकलते" म्हणूनच फोन ठेवते. दोन वर्षांपूर्वी मला साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी भात-पोळी तोडली. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. लाटणं तळाच्या खणात पक्कड-हातोडीशेजारी गेलं.

पोळीच्या जागी मुक्तानं मोबाइलवरून शोधून एंचिलाडा आणला. हा मेक्सिकोकडचा प्रकार. तिकडे मक्याच्या पोळीत सारण गुंडाळतात, मला मका चालत नाही. म्हणून आम्ही अंडी, जवसाची पूड आणि थोडं पाणी फेटून तव्यावर पातळ धिरडी घालतो. लाटायचं काही नाही. आत चिकन किंवा पनीर. वरचा रस्सा म्हणजे सुक्या लाल मिरच्या भाजून, भिजवून, टोमॅटो, लसूण, जिरं आणि व्हिनेगर घालून वाटलेला. वळकट्या काचेच्या भांड्यात लावायच्या, रस्सा ओतायचा, चीज किसायचं, ओव्हनमध्ये वीस मिनिटं. जवस इथल्या सदर बाजारात हिंदीत अलसी म्हणून मागायचं.

गेल्या महिन्यात, एका गुरुवारी, वंदना दारात उभी राहिली. पत्ता तिनं माझ्या आईकडून घेतला होता. ओठ शिवलेला, कानामागे केस उपटल्याचा लालभडक चट्टा. चहा झाल्यावर तिनं खणातलं लाटणं पाहिलं.

"तुम्ही हे नेलंत ना ताई, दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवं आणलं. बाभळीचं. ह्याच्यापेक्षा जाड."

मी खण बंद केला.

त्याच रविवारी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. वंदना धिरडी घालत होती आणि फाटलेलं प्रत्येक धिरडं झाकून बाजूला लपवत होती. मुक्ता म्हणाली, "काकू, छुपा क्यों रही हो? अंदर ही जाना है." तेवढ्यात दिलीपचा फोन आला. तो झाशी स्टेशनवर उतरला होता, पत्ता त्यानंही माझ्या आईकडूनच काढला होता.

"तासाभरात येतो. बॅग भरून ठेव."

वंदनानं गॅस बंद केला. मी म्हटलं, "जायचं का राहायचं, ते तू ठरव. मी ढकलणार नाही, धरूनही ठेवणार नाही. पण सांगायचं ते तुझ्या तोंडानं सांग."

तिनं गॅस पुन्हा पेटवला.

भांडं ओव्हनमध्ये होतं तेव्हा दार हाणायला सुरुवात झाली. लाकडी दार उघडं होतं, जाळीच्या दाराला आतून कडी. वंदना जाळीपाशी गेली आणि हळू पण स्पष्ट म्हणाली, "मी येत नाही."

दिलीपनं जाळीला लाथ घातली, फाटलेल्या भागातून हात घातला आणि तिची वेणी धरली. दोनदा ओढली. दोन्ही वेळा तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. मला पाहून म्हणाला, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. तुमचा हिशेब दादा करील."

मी खण उघडला. लाटणं त्याच्या मनगटावर घातलं. वेणी सुटली नाही. दुसरा घाव हाडावर बसला, आवाज ओळखीचा होता. तेव्हा सुटली. तो खाली बसून ओरडत राहिला. मला बरं वाटलं, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

समोरच्या मिश्राइन झाडू घेऊन बाहेर आल्या. "काय भइया, जनी पे हाथ उठा रए हो?" जनी म्हणजे बाईमाणूस. चार माणसं जमली, पोलीस आले आणि दिलीपला घेऊन गेले. वंदनानं तक्रारीवर स्वतः सही केली. कपाळाला तीन टाके पडले. जेवायला पाच वाजले. एंचिलाडे गार आणि कडेनं करपलेले होते, आम्ही सगळे संपवले.

जेवणानंतर वंदना ते काचेचं भांडं विसळत होती. हातातून निसटलं. फरशीवर फुटायच्या आधीच ती ओट्याच्या कोपऱ्यात खाली बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. मीही भिंतीला चिकटले होते. पंधरा वर्षांनंतरसुद्धा. दोघी त्याच आवाजाची वाट बघत होतो, जो कराडला भांडं पडल्यावर यायचा.

मुक्तानं चपला आणून वंदनापुढे टाकल्या. "काकू, पहन लो. पायात काच जाईल." आणि केरसुणी घेऊन काच गोळा करायला लागली.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी काही अजून तशाच घरात आहेत, काही माझ्यासारख्या निघाल्या आहेत. घराची आठवण येत नाही का, असं मला फोनवर विचारता. माझं घर नगऱ्यात आहे. इथे भांडं फुटलं की कुणीतरी आधी चपला आणून देतं.

वंदना अजून इथेच आहे. नवं भांडं आम्ही स्टीलचं घेतलं.