रावजीची पारख

वरंधचा रावजी देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाणारा. बैल घ्यायचा तर आधी त्याला चिखलातून चालवायचा, मग मालकाला सोडून त्याच्या शेजाऱ्याला गाठायचा. "इकणारा सोताच खोड सांगायला लागला, तर मोठी खोड लपवलेली हाय," हे त्याचं शास्त्र. बैलात तो कधी फसला नाही. लेकीच्या पायाला तेच शास्त्र लावलं आणि गाडं अडलं.

स्नेहलचा उजवा पाय लहानपणी मोडला आणि वाढताना दीड इंच आखूड राहिला. महाडच्या कॉलेजात ती एका पायात जाड टाचेची चप्पल घालून जायची आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची. हाड लांब करायचं ऑपरेशन असतं, हे तिनंच शोधून काढलं.

पहिला डॉक्टर मुंबईचा. भिंतभर हसऱ्या पेशंटांचे फोटो. "काही होत नाही काका, पळायला लागेल पोरगी!" बाहेर पडताच रावजी म्हणाला, "सगली उभी हायेत गो. चालताना एक पण नाय." तिथला विषय संपला.

दुसरा पुण्याचा. त्यानं काही झाकलं नाही. हाड कापून, त्यातून तारा ओवून पायाभोवती चौकट बसवायची आणि रोज थोडं थोडं ताणायचं. तारांपाशी पू होतो, शीर दुखावते, घोटा आखडतो, कधी नवं हाड धरतच नाही. "आणि ऑपरेशन न करता उंच टाचेवरही आयुष्य चांगलं जातं," असंही तो म्हणाला. रावजीच्या मनात पाल चुकचुकली. एवढं सांगतो, म्हणजे पोटात केवढं असेल!

"तुमच्या हातनं बिघडलेला मानूस दाखवा," तो तोंडावर म्हणाला. स्नेहलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र चिडला नाही. "त्यांना विचारतो, हो म्हणाले तर कळवतो," म्हणाला.

दोन दिवसांनी तुडीलच्या मोरूचा पत्ता आला. रावजी तुडीलला गेला तो अर्थातच आधी शेजारच्या येसूबाईकडे. "बिचाऱ्याचा घोटा आखडला," ती म्हणाली, "पन डाक्टर सोता फोन करायचा. दोनदा घरी येऊन गेला." मग मोरू भेटला. त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. "पाय बिघडला, पन डाक्टर पलाला नाय. जे व्हईल म्हनला व्हता तेच झालं."

त्या दिवशी रावजीला भाकर गोड लागली नाही. संशय होता तोवर भीती डॉक्टरवर ढकलता येत होती. आता माणूस खरा निघाला आणि भीती सगळी घरी आली.

बापलेक पुन्हा पुण्याला गेली तेव्हा डॉक्टरनं विचारलं ते स्नेहललाच.

"करायचंय," ती म्हणाली. "घोटा आखडला तर आखडला. नीट समजून हो म्हणतेय."

"मग एक सांग. चौकटीची चावी घरी रोज चार वेळा फिरवावी लागेल. उलटी फिरली, विसरली, की केलेलं वाया. कोण फिरवेल?"

"बाबा," स्नेहल लगेच म्हणाली. "ते कुणावर विश्वास ठेवत नाय. स्वतःवर पण नाय. चार चारदा बघतील."

रावजीनं आपल्या हातांकडे पाहिलं. नांगर धरून राठ झालेले ते हात त्यानं धोतराला पुसले. तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"डाक्टर," तो म्हणाला, "आधी माझ्या शेजाऱ्याला इचारून घ्या."