एकाआड एक कोरं लेबल

औषधांच्या गोदामात तिला सगळे आत्या म्हणत, सुपरवायझरसुद्धा. एकवीस वर्षं ती पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी होती. मग उजवं मनगट कामातून गेलं. डॉक्टरांनी उचलाउचल बंद करायला सांगितली. दुसरी एखादी घरी बसली असती. आत्या सुट्टीच्या दिवशी क्लासला जाऊ लागली, प्रोग्राम लिहायला शिकली आणि पन्नाशीला टेकल्यावर तिला कॉम्प्युटरच्या खोलीत खुर्ची मिळाली. तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं नाही तर परत पट्टा.

शेवटचं काम लेबलांचं होतं. तिच्या प्रोग्रामने खोक्यांचे पत्ते एका साध्या फाइलीत लिहायचे, एका ओळीत एक. जुनं लेबल मशीन ती फाइल वाचणार आणि ओळ संपली की लेबल कापणार. आत्याने घरच्या कॉम्प्युटरवर फाइल तयार करून आणली. मशीनने सगळे पत्ते एकाच लेबलवर एकावर एक छापले.

सुपरवायझरने तो काळा ठिपका उजेडात धरला. "आत्या, हे डोळ्यांच्या डॉक्टरलाही वाचता यायचं नाही."

नवऱ्याने तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले होते. आत्या त्याला म्हणाली, "अहो, ओळ संपली हे त्या मशीनला कळतच नाही."

"टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं. गाडी मागे ढकलायची, कागद वर सरकवायचा. तुझ्या फाइलीत दोन्ही आहेत का?"

एकच होतं. नव्या ओळीची खूण होती, गाडी मागे नेण्याची नव्हती. घरच्या कॉम्प्युटरला एक खूण पुरत होती. जुनं मशीन दुसरीची वाट बघत होतं; ती येईपर्यंत ते कागदही सरकवत नव्हतं. आत्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन्ही खुणा घातल्या.

शुक्रवारी तिने तोच प्रोग्राम गोदामातल्या कॉम्प्युटरवर चालवला. लेबलं सुटी आली, पण एकाआड एक कोरी.

"कोऱ्या लेबलांची ऑर्डर कुणाची आहे, आत्या?" सुपरवायझर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "जाऊ द्या. पट्ट्यावरच्या बायका कोरी फाडून टाकतील."

"दिवसाला दोन हजार लेबलं निघतात. दोन हजार वेळा मनगट वळवायचं कुणी?"

"मग काय करू? चारला ट्रक निघतो."

"एक तास द्या."

"दिला. पण नाही जमलं, तर सोमवारी तुम्ही पट्ट्यावर. माझ्या हातात नाही ते."

आत्याने प्रोग्रामला हात लावला नाही. आधी फाइलीतल्या प्रत्येक अक्षराचा आणि खुणेचा कॉम्प्युटरमधला आकडा काढून पाहिला. ओळीच्या शेवटी १३, १३, १० होते. १३ म्हणजे गाडी मागे, १० म्हणजे नवी ओळ. तिने १३ एकदाच लिहिला होता. दुसरा आला कुठून?

तिने वेगळ्या फाइलीत नुसती नव्या ओळीची खूण घालून एक ओळ लिहून पाहिली; तिथेही १३ आपोआप आला. मग ध्यानात आलं. गोदामातला कॉम्प्युटर नव्या ओळीची खूण दिसली की तिच्याआधी आपल्या मनाने १३ घालत होता. घरचा घालत नव्हता. मशीन दर १३ ला एक लेबल कापत होतं.

आपला १३ काढून टाकला असता तर इथे भागलं असतं, पण घरी पुन्हा तोच काळा ठिपका. तिला दोन्हीकडे चालणारं हवं होतं. प्रोग्राम लिहायला फाइल उघडतो त्या जागी तिने कॉम्प्युटरला एका शब्दात सूचना दिली: ओळींच्या शेवटाला हात लावू नकोस. पुन्हा आकडे काढले. १३, १०. आधी पाच पत्ते छापले, मग पन्नास, मग सगळे.

सुपरवायझरने लेबलांची पट्टी बोटांतून सरकवत कोरं लेबल शोधलं. सापडलं नाही. त्याने टेबलावर वाकून बोलीच्या कागदावर 'काम जमलं' असं लिहून सही केली.

"म्हणजे एका शब्दाचं काम होतं," तो म्हणाला.

"एका शब्दाचं, आणि चाळीस मिनिटांचं," आत्या म्हणाली. तिने सही एकदा नीट पाहिली आणि कागद पिशवीत ठेवला.