शहादेवनं मारलेले पत्रे

घाटनांदूरच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर खडकदरा म्हणून गाव आहे. उघड्या माळावरचं. वाऱ्याला आडवं यायला ना डोंगर ना झाडी. अशा गावात घराला पत्रा नुसता टाकून भागत नाही, तो बांधावा लागतो. आणि बांधावा तर शहादेवनंच, असं गाव वीस-बावीस वर्षं म्हणत आलं होतं.

शहादेव मूळचा ऊसतोड्या. लग्न झाल्यापासून तो आणि रुक्मिणीबाई जोडीनं खाली कारखान्यावर जायचे. एका हंगामात तिथं साखरेच्या गोदामावर नवे पत्रे चढत होते. एक गडी तापानं पडला, म्हणून मुकादमानं शहादेवला चार दिवसांसाठी वर पाठवलं, तो हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत वरच राहिला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला हाताशी धरून शिकवलं. पत्र्याला भोक पाडायचं ते उंचवट्यावर, नळीत कधीच नाही, कारण पाणी नळीतून वाहतं. हूक लोखंडी अँगलला अडकवायचा, वर वायसर, वायसरखाली डांबर. नट किती आवळायचा हे मात्र सांगून येत नाही, ते हाताला कळावं लागतं. शहादेवच्या हाताला ते कळलं. गावी आल्यावर त्यानं कोयता आढ्याला खोचला आणि तो मिस्त्री झाला.

वादळ होऊन गेलं की सकाळी तो गावातून एक चक्कर मारायचा. मान वर करून आपले पत्रे बघत जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाई, असंच." पण पत्रे जाग्यावर दिसले की चेहरा खुलायचा, हे रुक्मिणीबाईला माहीत होतं.

मग दुष्काळाची वर्षं आली. प्यायचं पाणी टँकरनं यायला लागलं, तिथं नवं घर कोण बांधतो? दोन वर्षांत शहादेवला एकच मोठं काम मिळालं, ते सोसायटीच्या चारा छावणीचं. सोसायटी सुंदररावांच्या वडलांनी उभी केलेली, आता चेअरमन सुंदरराव. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. लग्नकार्याला उभा राहायचा, दवाखान्याला गाडी द्यायचा. फक्त गावात जे काही येई ते त्यांच्या दारातून येई, आणि दारातून येताना थोडं आतच राही.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये गारपीट झाली. शाळू काढायला आला होता, तो उभा झोपला. खालच्या वस्तीतली घरं जुन्या, गंजक्या पत्र्यांची. लिंबाएवढ्या गारांनी त्यांची चाळण झाली. वस्तीतली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, घरात फक्त म्हातारी माणसं. त्यांनी घोंगडी, पाट, परात, जे सापडेल ते डोक्यावर धरून जीव वाचवला.

महिन्याभरानं मदतीचे पत्रे सोसायटीच्या गोदामावर उतरले. एकतीस घरांसाठी. बसवायचं काम अर्थातच शहादेवला. त्यानं थप्पीतला वरचा पत्रा उचलला, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवला आणि परत ठेवला.

"अण्णा, ह्यो पत्रा पातळ हाय."

"नवा कोरा हाय बे," सुंदरराव म्हणाले. "कसा चमकतोय बघ."

"चमक लई हाय, अंग न्हाई. छावणीला घातला तसला पायजे व्हता. माथ्यावरचा वारा हाय अण्णा, ह्यो हुकापाशी फाटंल."

सुंदरराव हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, "जाड घेतला असता तर निम्मीच घरं झाकली असती. उरलेल्या निम्म्यांची नावं तू सांगतोस का? सांग, मी लिहून घेतो."

शहादेवला नावं सांगता आली नाहीत.

घरी त्यानं रुक्मिणीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी न्हाई म्हणलात तर दुसरा येईल. त्यो दोन हुकावर पत्रा मारून जाईल. तुमी निदान नीट तरी माराल."

तेवढा आधार त्याला पुरला. दोन हूक लागत तिथं त्यानं तीन मारले. उन्हाळ्याच्या तापल्या लोखंडावर गोणपाट टाकून बसायचा, आणि एकेक घर झाकत गेला. शहादेवच्या घराशेजारची जानकीबाई एकटीच होती, तिचा लेक आणि सून अजून कारखान्यावर होते. तिनं कोरा चहा केला आणि खालून विचारलं, "शहादेवा, पत्रा दणकट हाय का रं?"

वरून त्यानं उत्तर दिलं, "हाय मावशी."

आठ दिवसांनी सुंदररावांनी त्याला मळ्यात बोलावलं. कोंबड्यांची नवी शेड उभी होती, तिच्यावर पत्रे मारायचे होते. त्यानं पत्रा उचलला. जड होता. बाजूला थप्पीला बांधलेली पट्टी पडली होती, तिच्यावरची खूण आणि सोसायटीच्या गोदामात आलेल्या थप्पीवरची खूण एकच. एकाच ट्रकमधून दोन जातीचे पत्रे उतरले होते. शहादेवनं पट्टीकडं पाहिलं, सुंदररावांच्या गड्याकडं पाहिलं आणि शिडी लावली. दुष्काळात दुसरं काम कुठं होतं? तेही पत्रे त्यानं तितक्याच निगुतीनं मारले.

पुढच्या वर्षी एप्रिलात, दुपारी तीनच्या सुमारास आभाळ एकदम काळंनिळं झालं. आधी वारा आला. मग गारा. पाऊण तासात खालच्या वस्तीवरचे निम्म्याहून जास्त पत्रे उडाले. जानकीबाई शेळी आत घ्यायला दारात गेली होती. तिच्याच घराचा अर्धा पत्रा वरून तुटून आला आणि उजव्या हातावर बसला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फार खटपट केली, पण हात कोपरापासून काढावा लागला.

ती दवाखान्यात असताना शहादेव तिच्या घरावर चढला. सगळे हूक अँगलला जिथल्या तिथं होते. नटही ढिले झाले नव्हते. प्रत्येक हुकाभोवती वायसरएवढी पत्र्याची चकती तेवढी शिल्लक होती, बाकीचा पत्रा कागदासारखा फाटून गेलेला. त्यानं एक चकती बोटांनी वाकवून बघितली. खाली उतरला तेव्हा गल्लीत दोघंचौघं उभी होती.

पंचनाम्याच्या आदल्या दिवशी सुंदररावांनी त्याला सोसायटीत बोलावून घेतलं. कागद तयार होता. हूक कमी मारल्यामुळं पत्रे उडाले, असं शहादेवनं लिहून द्यायचं होतं.

"एकेका पत्र्याला जादा हूक मारलेत मी," शहादेव म्हणाला. "चला की वर, दावतो. हूक जाग्यावर हायेत, पत्राच फाटलाय. आन तुमच्या शेडवर बी मीच मारलेत. ती कावून उभी हाय अण्णा?"

सुंदररावांनी खिडकी लावली, समोर येऊन बसले आणि हलक्या आवाजात बोलायला लागले.

"उभी हाय, बरुबर हाय तुझं. पण ऐक. पत्रा खराब व्हता असं कागदावर आलं तर चौकशी लागंल. चौकशी लागली की सोसायटीचं दप्तर वर जाईल, मदत तिथंच थांबंल. दोन वर्षं थांबंल. आन मिरग दीड महिन्यावर आलाय. काम चुकलं असं आलं तर नवे पत्रे म्हैन्यात येत्यात. आवंदा जाड आणतो, माझ्या लेकराची शपथ. तुला कुणी फाशी देत न्हाई. एक सही. वस्ती झाकायची का उघडी ठेवायची, तूच ठरव."

गेल्या वर्षी नावं विचारली होती तीच ही तऱ्हा होती. शहादेवला ते कळलं. खिडकीच्या फटीतून खालची वस्ती दिसत होती. घरांवर गोधड्या, साड्या, बॅनरची कापडं ताणलेली. त्यानं सही केली. सही शिकला होता तो कारखान्यावर, त्याच मिस्त्रीकडून.

पत्रे खरंच महिन्यात आले आणि खरंच जाड आले. एवढं बोलणं सुंदररावांनी पाळलं. पण ज्याचं काम चुकलं म्हणून कागदावर लिहिलं, त्याला पुन्हा काम कसं द्यायचं? परळीकडचा एक ठेकेदार चार माणसं घेऊन आला. गावातही तोवर बोलणं फिरलं होतं. हूक कमी मारले हे आधी कागदावर आलं, मग शहादेवनं हूक विकले हे पारावर आलं. कुणाला विकले, कधी विकले, हे सांगणारेही भेटले. ज्यांच्या घरावर तो भर उन्हात तीन-तीन दिवस बसला होता तेच बाजाराच्या जीपमध्ये त्याच्या शेजारची जागा सोडून बसायला लागले.

शहादेवचं स्वतःचं घरही वस्तीतच. तिथं ठेकेदाराची माणसं आली तेव्हा तो अंगणात उभा होता. वरचा माणूस भराभर नळीतच भोकं पाडत चालला.

"भाऊ, उंचवट्यावर पाड," शहादेव खालून म्हणाला. "नळीत पाडलं तर गळंल."

वरच्यानं वाकून पाहिलं. "तुमीच का ते शहादेव? लिहून दिल्यालं हाय तुमी, आमी वाचलंय. बसा सावलीला."

बाकीचे हसले. रुक्मिणीबाई उंबऱ्यात होती. तिनं हातातलं सूप खाली आपटलं आणि आत निघून गेली. तो पावसाळा त्यांनी घरात भांडी मांडून काढला. शिडी मागच्या भिंतीला टेकलेली होती. दोन तासांचं काम होतं. शहादेव चढला नाही, आणि रुक्मिणीबाईनं त्याला चढा म्हटलं नाही.

दवाखान्यातून घरी आलेली जानकीबाई भाद्रपदात त्याच्याकडं आली. डाव्या हातानं पदर सावरत ओट्यावर बसली. लेकानं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं, पण तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हूक खाल्लेस का रं माझ्या घराचे?"

"न्हाई मावशी. तीन-तीन मारलेते. पत्राच पातळ व्हता. मला पयल्या दिवशी कळलंतं."

म्हातारीनं पदर तुटक्या हातावर ओढून घेतला.

"मग लिहून कावून दिलंस?"

"सगळ्यांना पत्रे मिळावेत म्हणून."

"आन मला कावून सांगितलं न्हाईस? पातळ हाय म्हणाला असतास तर मी वारं सुटल्यावर घराभायेर पळाले असते. देवळात बसले असते." ती उठली. "चोर असतास तर बरं झालं असतं रं. चोराला शिव्या तरी देता आल्या असत्या."

तिनं पुन्हा त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. एखाद्यानं घरच्या लग्नाची पत्रिका सगळ्या वस्तीला वाटताना मधलं एक घर सोडावं, तसं तिच्या घरच्यांनी सणावाराला शहादेवचं घर सोडायला सुरुवात केली.

दसऱ्यानंतर मुकादम वस्तीत आला तेव्हा शहादेवनं स्वतःहून नाव दिलं. वय छप्पन्न. रुक्मिणीबाई म्हणाली, "ह्या वयात मोळ्या उचलणार का तुमी?" तो म्हणाला, "इथं काय उचलू?" मुकादमानं दोघांकडं वरून खालपर्यंत पाहिलं, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तुमचं अर्ध्याच कोयत्याचं काम होईल म्हणाला, आणि वहीत नाव घातलं.

सोसायटीची निवडणूक त्याच हिवाळ्यात झाली. सुंदरराव बिनविरोध आले. वस्तीतल्या लोकांनी गुलाल उधळला, कारण दोनदा पत्रे आणणारा चेअरमन आसपासच्या गावांत दुसरा नव्हता. शहादेव तेव्हा दूर नदीकाठच्या फडात होता. पहाटेच्या दहिवरानं ओला झालेला ऊस तोडत होता, आणि कंबर धरली की रुक्मिणीबाई पुढं होऊन त्याच्या सरीतला चार-सहा हात ऊस मुकाट्यानं तोडून टाकत होती.