कोरगावकर सरांनी आपला नियम खोडला

आज रविवार, डिसेंबरचा पहिला आठवडा. सकाळी डिचोलीला जाऊन बाजार आणला. दुपारी जेवलो. गौरवग्रंथाच्या समितीचा निरोप पुन्हा वाचला आणि लिहायला बसलो.

हा लेख माझी पत्नी सुलभा लिहिणार होती. श्री. जनार्दन कोरगावकर सर आणि ती पेडण्याच्या एकाच शाळेत शिकवत. सर संगणक, ती मराठी. सरांच्या साठीनिमित्त ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा लेखासाठी पहिले नाव तिनेच दिले. जुलैत एका सकाळी ती नेहमीच्या बसने शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवरून खाली कोसळली. मला फोन सरांनी केला. "मोहनबाब, पेडण्याक येवा. स्वतः गाडी चलवू नकात, कोणाक तरी वांगडा घेवन येवा." एवढ्यावरून मला कळले, आणि कळलेही नाही. अजून पूर्ण कळले आहे असे म्हणता येत नाही. लेखात मागेपुढे झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सरांची पहिली ओळख शाळेच्या लॅबमध्ये झाली. शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते. मी सुलभाला न्यायला गेलो होतो आणि ती कुठे दिसेना. लॅबच्या दारातून सरांनी हाक मारली, "तुमी सुलभाबायचे घोव मगो? बसा. ती प्रिन्सिपॉलांकडे अडकली. आमी हय अडकलों." ते एका संगणकाची डिस्क जशीच्या तशी लॅबमधल्या बाकी सगळ्या संगणकांवर उतरवत होते. याला क्लोनिंग म्हणतात, असे त्यांनी मला सांगितले. फळ्यावर त्यांच्या ठळक अक्षरात एक ओळ होती: 'प्रत पाठवताना नेहमी जास्तीत जास्त कॉम्प्रेशन.' म्हणजे माहिती दाबून लहान करायची आणि मग केबलमधून सोडायची. लॅबचे जाळे जुने व मंद, संगणकांच्या डिस्क बहुतेक रिकाम्या. दाबून पाठवले की काम लवकर होई. त्या लॅबमध्ये शिकून गेलेल्यांना ती ओळ पाठ असे.

सुलभा गेल्यावर सर दर शनिवारी पेडण्याहून आमच्या गावी, पाळीला, येत. दोन बस बदलाव्या लागतात. येताना पोदेराकडचे, म्हणजे बेकरीवाल्याकडचे, उंडे पाव आणत, कारण मी काही करून खात नाही हे त्यांनी ओळखले होते. सांत्वनाचे ते काही बोलत नसत. एकदा फक्त म्हणाले, "चाय तरी करा हो, माका जाय." मी चहा केला. बऱ्याच दिवसांनी घरात गॅस पेटला.

आता मुख्य गोष्ट. सुलभाने अनेक वर्षे पेडण्याच्या गावांतून धालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची, गाणी गोळा केली होती. मांडावर, म्हणजे धालोच्या अंगणात, नाचणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना ती घरी जाऊन भेटे आणि त्यांचा आवाज उतरवून घेई. त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत. ती सगळी गाणी घरच्या संगणकात होती, आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. ऑक्टोबरात मी पहिल्यांदा तो संगणक लावला तेव्हा आतून कट् कट् आवाज येऊ लागला. मी सरांचे जुने विद्यार्थी श्री. नितेश गावस यांना बोलावले. डिचोलीत त्यांचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांनी कान लावून ऐकले आणि म्हणाले, "काका, डिस्क जायत आयली. आता बंद करू नकात. बंद केल्यार परत उठतली काय ना, सांगूक येणां ना." दुकानातला एक संगणक आणून त्यांनी दोघांत केबल जोडली आणि प्रत सुरू केली.

प्रत फारच हळू सरकत होती. पडद्यावर प्रत संपायची वेळ उद्या दुपारची दिसू लागली. डिस्क तापत होती, आवाज वाढत होता. नितेश यांनी केबल बदलली, पुन्हा बदलली, फरक नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो.  जुलैतल्या त्या फोननंतरही असाच उभा होतो.

शनिवार होता. सर आले ते थेट आत. "पंखो हाडा." टेबलफॅन डिस्कवर धरला. मग म्हणाले, "नितेश, थांबव ता."

मी ओरडलोच. सरांसमोर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. सर शांतपणे म्हणाले, "मोहनबाब, खंय अडकलां तां कळल्याशिवाय धावून उपयोग ना. एक एक वेगळां करून बघूया."

तीच सरांची पद्धत. आधी नुसती डिस्क वाचून बघितली, प्रत कुठेच न ठेवता. वाचन ठीक होते. मग डिस्कला हात न लावता केबलमधून नुसती शून्ये सोडली. तीही भराभर गेली. मग दाबण्याचे काम एकटे चालवले, आणि जुना प्रोसेसर तिथे पार दमून गेला. गाणी मुळातच दाबलेल्या फाइलींत होती. त्यांना आणखी दाबून काहीच लहान होत नव्हते, वेळ मात्र जात होता.

"पिळून झालेलो कपडो तो," सर म्हणाले. "आनी पिळून पाणी खंयचां येतला? इतकां आवळून पाठवक तुका सांगलां कोणी?"

नितेश खाली बघत म्हणाले, "तुमीच, सर. फळ्यार लिवलेलां."

 मला वाटले सर रागावतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मगे चूक माजी. नियम अर्धोच सांगलो हांवें. काढ ता कॉम्प्रेशन."

कॉम्प्रेशन काढून पुन्हा सुरू केले. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी प्रत पूर्ण झाली. तपासायला म्हणून सरांनी एक फाइल उघडली. "आज्ये, परत एकदा म्हण गो, पंख्याचो आवाज येता," सुलभा म्हणाली. त्याच खोलीत, तिच्याच आवाजात. नितेश उठून बाहेर गेले. सरांनी मान खाली घातली, पण फाइल बंद केली नाही. गाणे संपेपर्यंत चालू दिली. मी काय केले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी जुना संगणक लावून पाहिला. तो उठला नाही.

सोमवारी सरांनी फळ्यावरची ओळ खोडली. पुढच्या दिवसांत, ज्यांचे नंबर मिळाले त्या जुन्या विद्यार्थ्यांना स्वतः फोन करून सांगितले की मी शिकवलेला नियम अर्धा होता. आधी काय पाठवता आहात ते बघा. त्यांतले काही आज मोठ्या कंपन्यांत आहेत. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असे फोन करणारा शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही. सुलभाने लिहिले असते तर हे नीट मांडले असते.

त्या शनिवारी जाताना सरांनी मला एक काम दिले. डिस्क खराब होती, काही फाइली मधेच फाटलेल्या असतील. "उघडून ऐकल्याशिवाय ती प्रत न्हय. रोज एक ऐका. जी फाटली आसतली ती माका कळयात." मी रोज एक ऐकतो आणि शनिवारी त्यांना सांगतो.

सरांना या वर्षी साठ पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती उत्तम राहो. डोळे आणि गुडघे साथ देत राहोत. पेडणे ते पाळी प्रवास करण्याचे बळ त्यांना पुष्कळ वर्षे लाभो, आणि आम्हा सर्वांना त्यांचा फोन लागत राहो.

आजची फाइल अजून ऐकायची आहे. कोरगावच्या एका आजींची आहे, आवाज बारीक आहे. मी पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली आणि खुर्ची जवळ ओढली.