बॉनेटवरचा डबा

"दादा, अकोल्यात सगळं मिळते, मग तू त्या डोंगराखाली जाऊन काहून राहिला?"

सहा वर्षांत हे मी त्याला पन्नास वेळा तरी विचारलं असेल. तो हसायचा आणि जीपचा आरसा पुसायला लागायचा. आईला विचारलं तर ती म्हणायची, "त्यालेच विचार." आता दोन महिने झाले, कावीळ त्याला घेऊन गेली. विचारायलाही कोणी उरलं नाही.

पण एक झालं. दादा होता तोवर त्याचे किस्से इकडेतिकडे पडलेले होते. तो गेला आणि सगळे आमच्या दारात येऊन बसले. ज्याला भेटावं त्याच्याकडे एक तरी असतोच. मी सातवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही, म्हणून आठवतील तसे सांगतो.

गावाचं नाव सालईबर्डी. अकोटच्या वर, काळी माती संपते आणि सातपुडा सुरू होतो, तिथं. साठेक घरं, बहुतेक कोरकू आदिवासींची. दुकान एकच, तेही सुखदेवच्या ओसरीत. मीठ, माचिस, बिडी, बिस्किटं आणि खोबरेल तेल. बाकी काही लागलं तर अकोट. आणि अकोटला जाणारी गाडीही एकच, दादाची जीप.

ती दर बुधवारी जायची. मंगळवारी सकाळी दादा एक पत्र्याचा डबा झाकण काढून जीपच्या बॉनेटवर ठेवायचा. ज्याला जे हवं, त्याचा नमुना त्यानं डब्यात टाकायचा. यादी नाही, चिठ्ठी नाही, लिहिता येतं कोणाला! ब्लाउजच्या कापडाची चिंधी, उडालेला बल्ब, गोळ्यांचं रिकामं पाकीट, पोराच्या पायाएवढी दोरी. कोणाचं काय, ते दादाच्या डोक्यात. बुधवारी संध्याकाळी तो वस्तूही द्यायचा आणि नमुनाही परत करायचा. गावाचा नियम एकच होता. डब्यात टाकलेला नमुना वस्तू आल्याशिवाय काढायचा नाही.

*

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा टूथपेस्ट घरी विसरलो. सकाळी उठून सुखदेवच्या ओसरीत गेलो. तो पोत्यावर बसून शेंगा फोडत होता.

मी म्हटलं, टूथपेस्ट द्या. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, ब्रश तरी? तो म्हणाला, तोही नाही. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. आमच्या गल्लीत घरातून पाय बाहेर टाकला की तीन दुकानं. माझं डोकं फिरलं.

"मंग कवा येईन?" मी विचारलं.

त्यानं शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि म्हणाला, "तू घेऊन येशीन तवा."

*

दुसरा फुलयमायचा. फुलयमाय म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी. दादा तिच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचा. तिनं एकदा डब्यात लाल कापडाची पुरचुंडी टाकली. दादानं लाल रंग बघितला, अकोटला चार दुकानं पालथी घातली, तस्साच लाल मिळवला आणि दोन मीटर कापड घेऊन आला.

फुलयमायनं कापड उलटंपालटं करून बघितलं. मग पुरचुंडी सोडली. आत एक बटण होतं. तिला बटण पाहिजे होतं!

दादा ओशाळला. परत करून येतो म्हणाला. तिनं कापड काखेत मारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता बटण लावाले कपडा तं झाला."

त्यानंतर दादा प्रत्येक पुरचुंडी सोडून बघायला लागला.

*

भुऱ्याबाबा नावाचे एक आजोबा आहेत. त्यांना जवळचं दिसायचं बंद झालं होतं. आता नजरेचा नमुना डब्यात कसा टाकणार? त्यांनी विचार करून सुई टाकली. अर्थ असा, की हिच्यात दोरा ओवता येत नाही, चष्मा आण.

दादानं अर्थ वेगळाच काढला. तो चांगल्या मोठ्या नाकाच्या दहा सुया घेऊन आला. भुऱ्याबाबांनी त्यातली एक घेतली, दोरा ओला केला, पहिल्याच फटक्यात ओवला आणि सुई वर धरून सगळ्यांना दाखवली.

"पाहा," ते म्हणाले, "सुधरली ना नजर."

चष्मा त्यांनी अजून घेतलेला नाही.

*

हा माझा. सांगायला लाज वाटते, पण दादा हाच किस्सा सगळ्यात जास्त सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला आणि बुधवारी जीप मी नेली. मला वाटलं, हा चिंध्या आणि दोऱ्यांचा कारभार काय कामाचा, मोबाइलचा जमाना आहे. मी ऐटीत सगळ्या नमुन्यांचे फोटो काढले आणि डबा फुलयमायकडे ठेवून निघालो. ती म्हणाली, डबा ने बापा. मी म्हटलं, माय, सगळं मोबाइलात आहे.

अकोटला चपलेच्या दुकानात गेलो. दुकानदाराला दोरीचा फोटो दाखवला आणि म्हटलं, एवढ्या पायाची चप्पल द्या.

त्यानं फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "दोरी केवढी होती?"

मी मोबाइल पुढं करून म्हटलं, "एवढी."

त्या संध्याकाळी सालईबर्डीत एका चार वर्षांच्या पोरीला तिच्या आजोबाची चप्पल आली, आणि एका भगोण्याला एवढं झाकण आलं की त्यात भगोणंच बसत होतं. दादा तापात होता, तरी पोट धरून हसला.

*

दादाचा डावा हात उजव्यापेक्षा चार बोटं आखूड होता. तोही किस्सा माझाच.

मी सहा वर्षांचा, तो अकरा. मोर्णा नदीच्या काठी एक चिंचेचं झाड होतं. मोठी चिंच त्याच्या हाताला लागली म्हणून मी त्याला फांदीवरून ढकललं. हात मोडला, आणि जुळला तो तिरपाच. आईनं विचारलं तर म्हणाला, पाय सरकला. माझं नाव त्यानं कधीच सांगितलं नाही. मी सांगितलं, पण तो गेल्यावर. आई म्हणाली, "मले तवाच ठाऊक होतं."

त्या हातामुळं त्याला सदऱ्याची डावी बाही कायम दोनदा दुमडावी लागायची. गियर टाकताना हात पुरायचा नाही, म्हणून तो सगळाच डावीकडं झुकायचा. सालईबर्डीची पोरं आजही जीप-जीप खेळतात. एक पोरगं पुढं बसतं, बाकीची मागं. तोंडानं घर्रर करतात आणि गियर आला की सगळी डावीकडं झुकतात. त्यांना वाटतं, गाडी अशीच चालवतात.

*

दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सालईबर्डीची वीस-बावीस माणसं आमच्या गल्लीत आली. फाट्यापर्यंत पायी, तिथून एसटीनं अकोट, मग अकोला, विचारत विचारत. घरात मावेनात, म्हणून बाहेर भिंतीला टेकून ओळीनं बसली. आईनं चहा केला, तो कोणी अर्धा पिला, कोणी नाही.

निघताना मला वाटलं, इतक्या लांब आली आहेत, शेजारी एवढा बाजार आहे. मी फुलयमायला म्हटलं, काही घ्यायचं असेल तर चला, मी दुकानं दाखवतो.

तिनं गल्लीच्या तोंडाशी लटकलेल्या कपड्यांकडं, भांड्यांकडं, सगळीकडं एकदा बघितलं.

"नको बापा," ती म्हणाली. "डबा नाई आणला."

*

आता शेवटचा.

गेल्या आठवड्यात मी जीप आणायला गेलो. अकोल्यात गिऱ्हाईक ठरलं होतं. दादाच्या जलदानविधीच्या दुसऱ्याच दिवशी मी गिऱ्हाइकाला हो म्हणून मोकळा झालो होतो. मी असाच आहे, आधी करतो आणि मग विचार करत बसतो. आईचंही तेच म्हणणं. जीप वीक आणि त्या गावाचं नाव काढू नको, एक पोरगा दिला तेवढा पुरे.

मनात मात्र दुसरंच चालू होतं. गल्लीत चहा पिताना वाटायचं, जीप आपणच चालवली तर? तिथंच राहिलो तर? मग वाटायचं, साबण संपला तर? मोबाइलचं चार्जर बिघडलं तर? चार दिवसांत पळून येशील तू. असं मीच मला सांगायचो.

रविवारी पोहोचलो. जीप आंब्याखाली उभी होती, टपावर वाळलेली पानं. सीटवर डबा होता. उघडला तर भरलेला. दादा आजारी पडला त्या मंगळवारचे नमुने होते, अकरा. दोन महिन्यांत एकानंही आपला नमुना काढला नव्हता. ज्याचा बल्ब होता तो दोन महिने दिव्यावर भागवत होता.

मला रागच आला. "काढून घ्यायचं ना माय," मी फुलयमायला म्हणालो. "कोण येणार होतं?"

"टाकलेलं काढत नसतेत," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली.

डब्याच्या तळाशी निळ्या चिंधीत गुंडाळलेली एक दोरी होती. तिला चार गाठी. बाकी दहांचे मालक लगेच सापडले, हिचा कोणी सापडेना. घरोघर विचारलं. जो तो दुसरीकडं बघायचा. सुखदेवला विचारलं तर त्यानं मला शेंगा दिल्या. शेवटी फुलयमाय म्हणाली, "घेऊन तं ये."

सोमवारी अकोटला गेलो. दुपारपर्यंत दहा वस्तू झाल्या. दोरी घेऊन दादाच्या ओळखीच्या शिंप्याकडं गेलो. त्यानं गाठी मोजल्या.

"चार गाठी म्हणजे फुल बाहीचा सदरा," तो म्हणाला. "उंची, छाती आणि दोन बाह्या. कापड या चिंधीचं." मग त्यानं दोरीला टेप लावला, पुन्हा लावला आणि मान हलवली. "पण माप चुकलं भाऊ. डावी बाही चार बोटं आखूड येते. सारख्या करून टाकू?"

मी दोरी माझ्या डाव्या हाताला लावून बघितली.

"नको," मी म्हणालो. "हाय तशीच शिवा."

सदरा होईपर्यंत त्याच्या पायरीवर बसून राहिलो. आईचा फोन आला. गिऱ्हाईक दारात बसलं होतं, जीप कधी येते विचारत होतं.

"त्याले सांग, जीप कामात हाय," मी म्हणालो.

आई म्हणाली, "जेवला का?"

दिवस मावळायच्या आत गावात आलो. दहा वस्तू दहा घरी दिल्या, नमुने परत केले. सदरा फुलयमायच्या हातात ठेवला. तिनं तो ओट्यावर पसरला, दोन्ही बाह्या हातानं सरळ केल्या.

"आंब्याखाली झोपला व्हता तवा घेतलं माप," ती म्हणाली. "जागा असता तं घेऊ नसतं देल्लं."

नियमाप्रमाणं दोरी मी तिला परत दिली.

सकाळी मंगळवार होता. मी डबा आतून-बाहेरून पुसला, झाकण काढलं आणि बॉनेटवर ठेवला.