उद्याची दाढी उद्या

प्रिय ईशान आणि तन्वी,

परवा फोनवर ईशानने विचारलं, "आजी, माझ्या जावळाच्या फोटोत माझ्या डोक्यावर वाकलेला तो माणूस कोण?" मी म्हटलं, लिहून कळवते. तो माणूस तीन आठवड्यांपूर्वी गेला. तो होता तोवर मी त्याच्याबद्दल कधी काही लिहिलं नाही, कारण स्वतःची गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि माझ्यापेक्षा चांगली सांगायचा. आता ते काम माझ्याकडे आलं आहे. त्याचं नाव लिहीत नाही. आमच्या काष्टीत ते न लिहिताही कळेल, आणि मेलबर्नमध्ये कळून उपयोग नाही.

त्याची खूण मात्र सांगते. वस्तरा हातात घेण्याआधी तो वर्तमानपत्राचा एक चतकोर तुकडा घ्यायचा, दाढीचा फेस पुसायला ठेवतात तसला. उजवा हात समोर सरळ धरून तो तुकडा पंजाच्या पाठीवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "आधी हात बघा, मग बसा." कागद थरथरला नाही तर दाढी. थरथरला तर नुसती कात्री.

शाळेत तो माझा विद्यार्थी होता. इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि वडिलांच्या सलूनमध्ये उभा राहिला. हात असा, की गाल तासतोय की पुसतोय ते कळू नये. पण लग्नानंतर चार-पाच वर्षांत अशी वेळ आली, की सकाळी दुकान उघडण्याआधी दारूची क्वार्टर पोटात गेल्याशिवाय तो हात चालेना. न घेता आला तर कंगवासुद्धा हातातून पडायचा. घेऊन आला की पूर्वीसारखा. त्यामुळे गावाला त्याच्या पिण्याची अडचण नव्हतीच. अडचण त्याच्या न पिण्याची होती.

त्याने सोडली ती मुलीमुळे. सहा वर्षांची होती. तिच्या दोन वेण्या रोज सकाळी तोच घालायचा, भांग अगदी फुटपट्टीने आखल्यासारखा. एके दिवशी ती आईपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, "आजपासून तूच घाल. पप्पांच्या हाताला वास येतो." तो तसाच तडक आमच्या दारात आला.

"बाई, सोडायची हाय. आजच्या आज."

मी त्याला बसवलं आणि सांगितलं, घरच्या घरी एकदम सोडायची नाही, त्यात माणूस दगावतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर एसटीने नगरला गेले आणि त्याला दवाखान्यात दाखल केलं. पंधरा दिवसांनी तो परत आला. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. हात मात्र पिंपळाच्या पानासारखे हलत होते. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल.

दुकानात माणसं यायची, हात बघायची आणि उठून जायची. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. "आरं, अर्धीच घे. औषध म्हनून. हात बसंल आन् पोट भरंल," असं जिवाभावाची माणसंच सांगत. बायकोचा भाऊसुद्धा तेच म्हणाला. हा बिचारा मला म्हणाला, "बाई, शत्रू असता तर भांडलो असतो. हे सगळे माझ्या भल्याचंच बोलत्यात."

आता तुमच्या आजोबांकडे येते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि चेहऱ्याची उजवी बाजू बधिर झाली. दाढी मी करायचे, आणि ती करताना आमची रोज भांडणं व्हायची. त्यांनी त्याला बोलावणं धाडलं. तो आला, कागद ठेवला. कागद उडून खालीच पडला.

"साहेब, न्हाई जमायचं. कापंल."

"कापू दे," आजोबा म्हणाले. त्यांचे शब्द तेव्हा जरा घसरायचे, पण बुद्धी नाही. "या बाजूला मला काही कळत नाही. तू इकडून सुरुवात कर. कळती बाजू आपण नंतर घेऊ. तोवर तिकडची हिला भादरू दे."

मी शेजारी डेटॉल, कापूस आणि तुरटी मांडून बसले. पहिल्या दिवशी तो गाल माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधासारखा झाला, जिकडेतिकडे लाल खुणा. तो घामाने निथळला होता. आजोबांनी आरसा मागितला, पाहिला आणि म्हणाले, "उद्या सात वाजता ये."

तो रोज सात वाजता येऊ लागला. लाल खुणा कमी होऊ लागल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "आता कायमची सुटली ना रे?" तो वस्तरा पुसत म्हणाला, "बाई, दाढी कायमची निघती का? आज काढली, उद्या परत हायच. मी आजची काढतो. उद्याची दाढी उद्या." शाळेत असताना हा मुलगा इतकं नेमकं बोलला असता, तर मी त्याला नापास केलं नसतं.

साडेतीन महिन्यांनी त्याच्या त्या मेव्हण्याच्या मुलीची हळद होती. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला हजर. कागद ठेवला. कागद जसाच्या तसा. माझ्या तोंडून शाबासकी निघणारच होती, तेवढ्यात आजोबांनी मान भिंतीकडे वळवली.

"आज दाढी नको."

"साहेब, हात तर बघा. हालत न्हाई."

"म्हणूनच नको."

तेव्हा मला वास आला. त्याने कागद मुठीत चुरगाळला. मग म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासनं आलं."

"मग ये पहिल्यापासून," आजोबा म्हणाले. "गाल आहे तिथंच आहे."

मला वाटलं, आता हा येत नाही. दुसरा दिवस गेला. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी सातला फाटक वाजलं. हात थरथरत होता, डोळे सुजलेले, पण वास नव्हता. आजोबांनी बधिर गाल पुढे केला. तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी तीन ठिकाणी कापलं आणि घरात सणासारखं वाटलं.

त्यानंतर कधीतरी पावसाळा संपता संपता एका सकाळी कागद हलला नाही, आणि खोलीत वास होता तो फक्त साबणाचा. आजोबा म्हणाले, "आता कळती बाजू घे." त्याने ती बाजू केली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने घाबरून विचारलं, "लागलं का साहेब?" ते म्हणाले, "नाही. कळलं."

पुढच्या उन्हाळ्यात ईशानचं जावळ काढायचं ठरलं. तुमचे आईबाबा मुद्दाम आले होते. माझ्या नणंदेने, म्हणजे तुमच्या आत्याआजीने, श्रीगोंद्याचा एक न्हावी ठरवूनही टाकला होता. मी आमच्या माणसाचं नाव काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, अकरा महिन्यांच्या पोराची टाळू. तिथं दारुड्याच्या हाती वस्तरा द्यायचा?"

"आता तो पीत नाही, वन्सं."

"आता नाही. आणि उद्या?"

खोटं कशाला लिहू, मीही कचरले होते. नवऱ्याचा बधिर गाल वेगळा आणि नातवाची टाळू वेगळी. निर्णय तुमच्या आईने घेतला. ती म्हणाली, "त्यांना बोलवा. मी हात बघते."

तो पांढराशुभ्र शर्ट घालून आला. गावातल्या दहा-बारा बायका जमल्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या तरी जावळासाठी आलेल्या नव्हत्या. ईशान मामाच्या मांडीवर. आमच्या माणसाने हात पुढे धरला, कागद ठेवला, आणि कागद फडफडला. आत्याआजींनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी "आता गं बाई" म्हणालं. तो मात्र हात तसाच धरून शांतपणे बोलला, "पंखा बंद करा."

पंखा थांबायला वेळ घेतो. मी इतका हळू फिरणारा पंखा कधी पाहिला नव्हता. पाती थांबली. कागद थांबला. तुमच्या आईने खाली वाकून अगदी पेपर तपासावा तसा तो पाहिला, मग मान हलवली.

ईशान, तू भोकाड पसरलंस, पाय झाडलेस, त्याच्या स्वच्छ शर्टावर शू केलीस. तो गुणगुणावं तसं "झालं राजा, झालं माझ्या सोन्या," म्हणत राहिला आणि वस्तरा फिरत राहिला. तुरटीची वडी कागदातून बाहेर काढावीच लागली नाही. तुझं डोकं सोललेल्या अंड्यासारखं निघालं. आत्याआजींनी त्यावरून स्वतः हात फिरवून खात्री केली आणि त्याला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात माझ्या नातवाचं आहे. येशील ना?"

"येतो की. पर कागद ठिवूनच."

त्यानंतर आसपासच्या गावांतली कितीतरी जावळं त्याने काढली. बाया मुद्दाम त्यालाच बोलवत. "त्याच्या हाताला गुण हाय," असं म्हणत.

मग दुसरी माणसं येऊ लागली. आधी एक टेम्पोवाला, मग एक गवंडी, दाढीसाठी नव्हे, दारूतून सुटायला. तो त्यांना आधी नगरच्या दवाखान्याचा रस्ता दाखवायचा आणि परत आले की सोमवारी बोलवायचा. सोमवारी सलूनला सुट्टी, म्हणून त्या दिवशी शटर उघडून तो त्यांच्याबरोबर बसायचा. उपदेश करायचा नाही. हळदीची गोष्ट सांगायचा, स्वतःला न वाचवता सांगायचा. काही जण सुटले, काही नाही सुटले. न सुटलेल्यांसाठीही खुर्ची असायची.

जुन्या दारूने त्याचं यकृत आधीच खाल्लं होतं, ते अखेर थकलं. शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "बाई, आजची बी काढली." वेण्यांची ती मुलगी आता कर्जतला नर्स आहे. ती उशाशी बसून त्याची दाढी करत होती.

दहाव्यानंतरच्या सोमवारी बाजारातून येताना मी पाहिलं, सलूनचं शटर वर होतं. आत टेम्पोवाला आणि गवंडी, आणि एक नवा माणूस, अंग चोरून बसलेला. टेम्पोवाल्याने त्याला चहा दिला. कप मुद्दाम अर्धाच भरला होता, थरथरत्या हातातून सांडू नये म्हणून. नव्या माणसाने तो दोन्ही हातांनी धरला आणि संपवला. गवंड्याने आणखी अर्धा ओतला.

सोमवारची ती बैठक चालू आहे. सकाळी दहा वाजता.

तुमची,
आजी